अधिकारपत्र आणायचे कोणाकडून?

जुन्या व्हीएमसीचे रेट्रोफिट करणाऱ्या वाचकांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. सरकारी प्रशिक्षण संस्थेची निविदा निघते. मशीनचा सांगाडा, बॉलस्क्रू, स्पिंडल सगळे शाबूत असते. कंट्रोलर आणि ड्राइव्ह तेवढे बदलायचे असतात. साध्या पीसीवर चालणाऱ्या लिनक्ससीएनसी या मुक्त स्रोत कंट्रोल सॉफ्टवेअरने होण्यासारखे हे काम. पण प्रस्ताव तांत्रिक लिफाफ्यातच बाद होतो, कारण सोबत कंट्रोलरच्या उत्पादकाचे अधिकारपत्र नसते.

हे पत्र द्यायचे कोणी? लिनक्ससीएनसीला मालकच नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेत 1990 च्या दशकात ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ या नावाने ते जन्मले. जनरल मोटर्सच्या पॉवरट्रेन विभागात चार अक्षांच्या मशिनिंग सेंटरवर ते चालवून पाहिले गेले. सरकारी काम असल्याने ते सर्वांना खुले झाले आणि पुढे स्वयंसेवकांनी ते जीपीएल परवान्याखाली वाढवले. ते वापरायला, बदलायला, विकलेल्या मशीनवर बसवून द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. निविदेच्या नमुन्यात मात्र परवानगी देणाऱ्याचा रकाना सक्तीचा आहे आणि तो काढून टाकण्याची जबाबदारी कोणताही अधिकारी घेत नाही.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावलीतला (2017) नियम 144 सांगतो की, खरेदीचे वर्णन कामगिरीवर आधारलेले असावे. शक्यतो विशिष्ट ब्रँड मागू नये. तरीही ‘अमुक कंपनीचा किंवा समतुल्य कंट्रोलर’ असे छापले जाते आणि समतुल्य ठरवायची वेळ आली की समितीत सही करायला कोणी पुढे येत नाही. केंद्राने 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण आणले खरे, पण ते ई-प्रशासनापुरते. कार्यालयातल्या संगणकाला लागू होणारा विचार त्याच संस्थेच्या वर्कशॉपमधल्या मिलिंग मशीनला लागू होत नाही, हे संतापजनक आहे.

‘पीसीचा भरवसा काय?’ हा आक्षेप आता जुना झाला. पॅरलल पोर्टवरून सॉफ्टवेअर स्टेपिंग करताना लेटन्सीचा त्रास खरा होता. पल्स एफपीजीए कार्डाने काढल्या आणि पीसीकडे एक मिलिसेकंदाचा सर्व्हो थ्रेड ठेवला की तो प्रश्न बराच सुटतो. डेबियन 12 मध्ये लिनक्ससीएनसीचे पॅकेज आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या लिनक्स 6.12 पासून प्रीएम्प्ट-आरटी मूळ कर्नेलमध्येच आहे.

पण सगळा दोष कचेऱ्यांवर टाकता येणार नाही. काही रेट्रोफिटवाले काम संपले की आयएनआय आणि हॅल या कॉन्फिगरेशन फायली आपल्याच लॅपटॉपवर ठेवतात. वायरिंगचा नकाशा देत नाहीत, पासवर्ड सांगत नाहीत. उद्या तो माणूस गाव सोडून गेला की टूल चेंजरचा एक सेन्सर बदलायलाही मशीन अडून राहते. मग मशीनचा मालक असलेला कारखानदार बंद स्रोताच्या कंट्रोलरकडे परततो आणि शेजाऱ्यालाही तोच सल्ला देतो. कोणी तर इमर्जन्सी स्टॉप नुसत्या सॉफ्टवेअरच्या पिनवर सोडतात! ड्राइव्हची पॉवर रिले-कॉन्टॅक्टरने प्रत्यक्ष तुटलीच पाहिजे. असे एक मशीन पाहिलेला निरीक्षक पुढची दहा नाकारेल.

हे दोन्ही बाजूंनी बदलायला हवे. मशीन सुपूर्द करताना सगळ्या फायली, लॅडर, नकाशा आणि लेटन्सी चाचणीचा निकाल ग्राहकाच्या हाती द्या, एक प्रत कंट्रोल पॅनेलमध्येही ठेवा. निविदापूर्व बैठकीला जा आणि हरकत लेखी नोंदवा. नुसती हरकत नको, पर्यायी अटही लिहून द्या: उत्पादकाच्या पत्राऐवजी ठरलेल्या फीडवर वर्तुळ कापण्याची चाचणी, बसवणाऱ्याची दोन वर्षांची सेवाहमी आणि कॉन्फिगरेशनची संपूर्ण प्रत. ज्यांचे प्रस्ताव केवळ अधिकारपत्राअभावी बाद झाले, त्यांनी ती अट आणि नकाराचे पत्र या मासिकाकडे पाठवावे. सर्व पत्रे एकत्र करून संबंधित खात्यांकडे दिली जातील आणि त्यांची उत्तरे इथेच छापली जातील.