पोत्यावर न छापलेली किंमत

उन्हाळा लागला की पंचगंगेच्या दुर्दशेची बातमी ठरल्याप्रमाणे येते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे बसविलेले असतात, पाणी साचून राहते, त्यावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते आणि एके दिवशी तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच दिसतो. पाण्याचे नमुने घेतले जातात, निवेदने दिली जातात. पुढे मृग बरसतो, बरगे निघतात आणि नरसोबाच्या वाडीस सारे कृष्णार्पण होते. या वार्षिक उपचारात शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी यांच्यावर ठपका ठेवला जातो. तो रास्तच आहे. परंतु या पातकाचा आणखी एक भागीदार असून तो पंचनाम्यात सहसा येत नाही, कारण त्याला नळ नाही, गटार नाही. तो म्हणजे शेतातून सुटणारा नत्र.

नत्राची कथा मोठी विलक्षण आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचाच. पण कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जीवाणूंसारखे मोजके अपवाद सोडले, तर सजीवांना तो हवेतून थेट घेता येत नाही. १९०९ साली फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखविला आणि १९१३ साली कार्ल बॉशच्या प्रयत्नांनी त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातील कोट्यवधी लोकांच्या पोटातील घास या शोधावर अवलंबून आहे. तेव्हा रासायनिक खताला सरसकट शिव्याशाप देण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. प्रश्न मात्रेचा आहे, आणि मात्रा ठरते ती किमतीवरून.

थोडा हिशेब मांडू. युरियात ४६ टक्के नत्र असतो. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सारा नत्र युरियातून द्यावयाचा म्हटला, तर एकरी जवळजवळ आठ पोती झाली. प्रत्यक्षात ‘पीक हिरवेगार दिसते’ म्हणून याहून अधिक टाकणारे थोडे नाहीत. टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या कामी येतो तो साधारणतः तिसरा हिस्सा, फार तर निम्मा. उरलेल्याचे काय होते? काही भाग अमोनियाच्या रूपाने हवेत उडतो. काही नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर विहिरीत, ओढ्यात आणि शेवटी नदीत उतरतो. थोडासा नायट्रस ऑक्साइड बनतो. तापमानवाढीच्या बाबतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पटींनी जहाल आहे.

नदीत गेलेला नत्र तेथेही खताचेच काम करतो. मैलापाण्यातील स्फुरदाची त्याला जोड मिळाली की शेवाळ आणि जलपर्णी माजतात. त्या कुजू लागल्या म्हणजे जीवाणू पाण्यातील प्राणवायू संपवितात आणि मासे गुदमरून मरतात. नदी उपाशी राहून मरत नाही. ती अजीर्णाने मरते.

हवेत उडालेल्या अमोनियाची वाट अधिक लांबची आहे. तो पावसाबरोबर, धुळीबरोबर पुन्हा जमिनीवर उतरतो, आणि उतरताना सातबारा पाहत नाही. आपल्या पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवे या चिमुकल्या वनस्पती उगवतात. त्या किडे खातात, कारण तेथील जांभ्या दगडावरच्या मातीत नत्र नाही. दारिद्र्य हाच त्या पठाराचा ठेवा आहे. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठाराचीही हीच कथा. अशा जमिनीवर फुकटचे खत पडत राहिले, तर धटिंगण गवते माजतील आणि काटकसरीने जगणाऱ्या या वनस्पतींना जागा उरणार नाही. शिवाय अमोनिया पावसाची आम्लता कमी करीत असला, तरी मातीत त्याचे नायट्रेट होताना आम्लच तयार होते. आकाशात मित्र वाटणारा हा पदार्थ जमिनीवर आल्यावर वैरी ठरतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. नेदरलँड्समध्ये गुरांच्या गोठ्यांतून सुटणाऱ्या अमोनियामुळे हीदर नावाच्या झुडपांची माळराने गवताने व्यापली. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने २०१९ च्या मे महिन्यात सरकारची नत्रविषयक परवाना योजना अवैध ठरविली. हजारो बांधकामे अडली आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर द हेगच्या रस्त्यांवर आले. चाळीस वर्षे टाळलेला हिशेब एका दिवसात चुकता करावयाची वेळ आली, की असेच होते.

आपल्याकडे हिशेब कोठे चुकला? १९९२ साली स्फुरद आणि पालाश यांची खते नियंत्रणमुक्त झाली. युरिया तसाच राहिला. २०१० साली अन्नघटकांवर आधारित अनुदान आले. त्यातूनही युरिया वगळला गेला. परिणामी युरियाचे पोते आजही पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि इतर खते त्याच्या कित्येक पट महाग आहेत. अशा स्थितीत शेतकरी युरिया अधिक टाकतो, यात अडाणीपणा नाही. किमतीने दिलेल्या इशाऱ्याप्रमाणेच तो वागतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच सांगून ठेवले आहे, की ज्या व्यवहाराचे नुकसान तिऱ्हाइताच्या माथी पडते, त्याची बाजारातील किंमत खरी नसते. येथे तिऱ्हाईत म्हणजे शिरोळचा मासेमार, नदीकाठच्या गावाची विहीर आणि मसाईचे पठार.

मात्र उद्या युरियाचा भाव एकदम वाढविला, तर सर्वांत आधी भरडला जाईल तो लहान शेतकरी. अनुदान कमी करावे असे माझे म्हणणे नाही. ते पोत्यावरून काढून माणसाकडे वळवावे. तीच रक्कम एकरी हिशेबाने थेट द्यावी आणि युरियाचा भाव टप्प्याटप्प्याने खऱ्या किमतीकडे न्यावा. मग ज्याला वाटेल तो शेणखत, ताग वा धैंचा घेईल, पाचट न जाळता कुजवील, ठिबकातून बेताने खत सोडील. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या खंडकऱ्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यापाशी आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या शेतकी खात्याकडे ऊस कोणाचा, किती आणि कधी लावलेला, याची प्लॉटवार नोंद असते. त्याच नोंदीत माती परीक्षणाचा आणि दिलेल्या नत्राचा एक रकाना वाढविणे अवघड नाही. टनाचा हिशेब ठेवणाऱ्या कारखान्याला किलोचा हिशेब ठेवता येऊ नये?

मैलापाणी शुद्ध करण्याची नगरपालिका-महापालिकांची जबाबदारी याने तिळमात्र कमी होत नाही. पण नदीचे दोष वाटून घेताना आपला वाटा दुसऱ्याच्या ताटात सरकविण्याची सवय सोडली पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, ते या मातीला पाणी मिळावे म्हणून. ते पाणी पिण्याजोगे ठेवणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे.