२६०० कोटींची वेधशाळा आणि बिनपगारी राखणदार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाची चर्चा बहुधा जमीन, रस्ते आणि रोजगार यांभोवती फिरते. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्यांतून लेसर किरण धावतील आणि गुरुत्वीय लहरींमुळे पडणारा अतिसूक्ष्म फरक टिपतील.

लहर टिपल्यावर ती बातमी जगभरच्या दुर्बिणींना झटपट कळावी लागते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा वेध लागला, तेव्हा सुमारे सत्तर वेधशाळा त्या दिशेला वळल्या. अशा सूचनांसाठी आणि विश्लेषणाच्या तक्त्यांसाठी अमेरिकेतील लायगोने अनेक वर्षे एक्सएमएल वापरले आहे. केसपेपरवर नाव, वय, निदान यांचे रकाने असतात. एक्सएमएलमध्येही प्रत्येक माहितीला नावाची खूण असते. हे रकाने वाचून देणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात.

जेम्स क्लार्क यांनी सी भाषेत लिहिलेला ‘एक्सपॅट’ हा असाच एक पार्सर. तो फाइल तुकड्या-तुकड्याने वाचतो, जवळपास कोणत्याही संगणकावर चालतो. शास्त्रज्ञांच्या आवडत्या पायथन भाषेतही तोच बसवलेला आहे. त्यामुळे तो वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नसते.

धोका इथेच आहे. एक किलोबाइटहून लहान फाइलमध्ये एका शब्दाचे दहा, त्या दहांचे शंभर अशी साखळी लिहिली, तर उलगडताना ती काही गिगाबाइटची होऊन संगणक ठप्प करू शकते. एक्सपॅटने २०२१ मधील २.४.० आवृत्तीत यावर अंगभूत बंदोबस्त केला. अशी डागडुजी मोजके स्वयंसेवक करतात. मनुष्यबळ अपुरे आहे, निधी नाही, असे त्यांनी अलीकडच्या आवृत्त्यांच्या बदलनोंदीतच ठळकपणे लिहून ठेवले आहे.

हा प्रश्न केवळ खगोलशास्त्राचा नाही. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल एक्सएमएलच असते. रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डासारख्या नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवण्याचे एक आंतरराष्ट्रीय मानकही त्यावरच बेतलेले आहे. रुग्णालयात नव्या एमआरआयची फीत कापली जाते, उपकरणे निर्जंतुक करणाऱ्याची आठवण मात्र जंतुसंसर्ग झाल्यावरच होते.

मोठ्या प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात अशा मोफत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी छोटा पण कायमचा हिस्सा असायला हवा. नांदेड-हिंगोली परिसरातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चाचण्या लिहिण्याचे, त्रुटी शोधण्याचे काम प्रकल्प म्हणून देता येईल. त्याला जमीन लागत नाही आणि वेधशाळा पूर्ण होण्याची वाटही पाहावी लागत नाही.