पाकीट गेले, पण पोचले का?

निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, अब्बांच्या पेन्शनचे कागद. बहुतेक घरांत हे सगळे एका पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेले असते. पण त्यांतला एखादा कागद कुठे पाठवायची वेळ आली की आपण मुलाच्या हाती पाकीट देतो आणि म्हणतो, "जा, पोस्टात टाकून ये." दोन महिन्यांनी चौकशी केली की उत्तर मिळते, "तुमचा अर्ज आमच्याकडे आलाच नाही." तेव्हा आपल्या हाती काय असते? काहीच नसते. म्हणून या महिन्यात पाकिटाविषयी चार गोष्टी सांगतो.

महत्त्वाचा कागद पाठवताना तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे लेखी हवीत. काय पाठवले? कधी आणि कुणाला पाठवले? त्याला ते मिळाले का?

पहिल्या प्रश्नाकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पोस्टाची पावती फक्त पाकीट गेल्याचे सांगते, आत काय होते ते सांगत नाही. म्हणून पाकिटात नुसते कागद कोंबू नका. वर एक साधे पत्र लिहा, त्याला तारीख घाला आणि खाली "सोबत जोडलेली कागदपत्रे" असे लिहून क्रमाने यादी द्या. सही केलेल्या पत्राची आणि सर्व कागदांची एक झेरॉक्स घरी ठेवा. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात "स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह" असे लिहिले की पत्र आणि पावती यांचा संबंध जोडला जातो. मूळ कागद मात्र स्पष्ट मागितला नसेल तर पाठवू नका, साक्षांकित प्रत पाठवा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हरवला तर पुढे दुय्यम प्रतीवर काम चालवावे लागते, हे आम्ही शाळेत दर वर्षी पालकांना सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पोस्टाच्या खिडकीवर मिळते. आपल्या आईवडिलांच्या काळापासून "रजिस्टर एडी" हा शब्द आपल्या तोंडी आहे. पण १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळले. आता खिडकीवर स्पीड पोस्टच मिळते. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरपत्रकात त्यावर "रजिस्ट्रेशन" ही जास्तीची सेवा ५ रुपये आणि जीएसटी भरून घेता येते. दोन्हींत फरक आहे. साधे स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर दिले जाते. रजिस्ट्रेशन केलेले पाकीट ज्याच्या नावाचे आहे त्याला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचे असते. पोचपावती, म्हणजे प्रूफ ऑफ डिलिव्हरी, हवी असेल तर तीही वेगळी मागून घ्यावी लागते. तेव्हा खिडकीवर नुसते "स्पीड पोस्ट करा" म्हणू नका. "रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह" असे पूर्ण सांगा. विद्यार्थ्यांसाठी स्पीड पोस्टच्या दरात १० टक्के सवलतही ठेवली आहे, मुलांचे अर्ज पाठवताना तिची चौकशी करा.

पावती हातात आली की तिथेच उभे राहून वाचा. नाव, गाव आणि पिनकोड बरोबर आहेत का ते पाहा. यंत्रातून निघालेली पावती काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. तिच्यावरचा १३ अक्षर-अंकांचा क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर घातला की पाकीट कुठे आहे ते दिसते. पोचल्याची नोंद दिसली की तीही छापून पत्राच्या प्रतीला जोडा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेच.

तारखेला एवढे महत्त्व का? कारण अनेक मुदती कागद मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कार्यालयाला मिळाला की साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. मिळाल्याची तारीखच आपल्याकडे नसेल तर ३० दिवस कुठून मोजणार? नोकरीच्या जाहिरातींत बहुधा अर्ज "पोचण्याची" शेवटची तारीख असते, टाकण्याची नव्हे. कार्यालय आपल्याच गावात असेल तर पोस्टाची गरजही नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही पोचपावती फुकट मिळते.

माहेरी राहणारी मुलगी पोटगीसाठी किंवा मेहरसाठी सासरी फोन करते, नातेवाइकांकरवी निरोप धाडते. वर्षभराने प्रकरण कोर्टात गेले की समोरचा म्हणतो, "तिने कधी मागितलेच नाही." अशा वेळी रजिस्ट्रेशन करून पाठवलेले एक पत्र दहा निरोपांपेक्षा उपयोगी पडते. वकिलाच्या सल्ल्याने ते लिहा.

आता पाकिटाची दुसरी बाजू. पोस्टमन सही मागतो तेव्हा कित्येक घरांत भीती वाटते. "कोर्टाचे असेल, घेऊ नका" असे कुणीतरी आतून सांगते आणि पाकीट परत जाते. घेतले नाही म्हणजे नोटीस लागू झालीच नाही, हा मोठा गैरसमज आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ असे की, बरोबर पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, मिळाला असेच धरले जाते. चेक न वटल्याच्या नोटिशीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात हेच तत्त्व लावले. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. पाकीट नाकारणारा माणूस हे १५ दिवस हातचे घालवतो. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडतो आणि तोच पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा होतो. घरी कुणी नसताना पोस्टमन चिठ्ठी ठेवून गेला, तरी पोस्टात जाऊन पाकीट सोडवून आणा. सही केली म्हणजे आतला मजकूर कबूल केला, असे मुळीच नाही. सहीचा अर्थ एवढाच की पाकीट मिळाले. सहीखाली तारीख टाका, रिकामे पाकीटही जपा, कारण त्यावर शिक्के असतात.

आणखी एक. सुनेच्या नावाचे पाकीट सासूने फोडणे, बहिणीचे भावाने परत पाठवणे हे आपल्याकडे सर्रास चालते. त्यात बँकेचे पत्र असेल, नोकरीचा कॉल असेल किंवा तारखेची सूचना असेल. मुदत तिची जाते, नुकसान तिचे होते. ज्याच्या नावाचे पाकीट, त्याच्याच हाती ते बंद पोचले पाहिजे. पोस्टमन दारापर्यंत आणतो. दारापासून तिच्या हातापर्यंतचे काम घरच्यांचे आहे.