तंजावर किती मिनिटांवर?

वाचकहो, तंजावरला विमानतळ आहे हे ऐकून पुष्कळांस आनंद होतो. परंतु तेथे उतरण्याचा बेत करण्यापूर्वी थोडे थांबावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ती धावपट्टी आज भारतीय वायुदलाच्या ताब्यात आहे. २०१३ साली तेथे वायुदलाचे स्थानक रीतसर सुरू झाले व २०२० साली सुखोई विमानांचे पथक आले. आपणां प्रवाशांना उतरावयाचे ते शेजारच्या तिरुचिरापल्लीस.

या दोन विमानतळांमधील अंतर घरच्या नकाशावरूनही काढता येते. दोन्ही स्थळे जवळजवळ एकाच अक्षांशावर, पावणेअकरा अंशांपाशी आहेत. रेखांशांतील फरक सुमारे ०.३९ अंश. तेथे रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०९ किलोमीटर. गुणाकार केला की ४२-४३ किलोमीटर येतात, आणि ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले की सव्वातीन मिनिटे! शाळकरी मूलही हे गणित बरोबर सोडवील. पण असे उड्डाण प्रत्यक्षात होणे नाही.

कारण मोठे प्रवासी विमान हा वेग गाठते तो दहा किलोमीटर उंचीच्या आसपास. तेथवर चढण्यास वीसेक मिनिटे लागतात, आणि उतरण्याची तयारी मुक्कामाच्या दीड-पावणेदोनशे किलोमीटर आधीच सुरू होते. शिवाय वेळापत्रकातील वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही तीत येते. म्हणून चेन्नई ते तिरुचिरापल्ली हे सुमारे २९० किलोमीटर अंतर गणिताने बावीस मिनिटांचे असले, तरी वेळापत्रकात त्यासाठी तासभर धरलेला असतो. मुंबईपासून तिरुचिरापल्ली सरळ रेषेत सुमारे १,११५ किलोमीटर. वाटेत विमान बदलावे लागले तर अर्धा दिवस त्यातच गेला म्हणून समजावे.

आणि पुढे मोटारीचा रस्ता उरतोच. विमानतळापासून तंजावर पन्नास-साठ किलोमीटर. एक तास तरी हवा, गर्दी असल्यास अधिक.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, मराठी माणूस तंजावरला जातो तो बहुधा एकाच दिवसाची सवड काढून. व्यंकोजी राजांच्या वंशाने येथे पावणेदोनशेहून अधिक वर्षे राज्य केले. दुसऱ्या सरफोजींनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी कागद आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे. ‘विमानाने दोन तास’ एवढ्याच भरवशावर निघालेला पाहुणा सायंकाळी येऊन पोहोचतो आणि ग्रंथालयाचे बंद दार पाहून परततो. घरातील वडीलधाऱ्यांना हा लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचावयाचा असेल, तर त्यांची दगदग निराळीच.

तेव्हा आदल्या दिवशी पोहोचावे, रात्री तंजावरासच राहावे. ग्रंथालयाच्या वेळा व सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. शिलालेखाकडे सकाळी लवकर, दगड तापण्याआधी जावे.