मोदलु वायर नोड्री!

गाडी सुरू होत नाही म्हणजे पेट्रोल-पंप जळालाच, असे नव्हे. चावी फिरवताच मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग अर्थची वायर. आमच्या गल्लीतले मेस्त्री म्हणतातच, ‘मोदलु वायर नोड्री, सर!’

आमच्या जुन्या गाडीत पंपापर्यंत १२ व्होल्ट येत होते, तरी आवाज नव्हता. मगच नवा पंप आणला.

काम उघड्या अंगणात केले. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली. नळीत दाब उरतो, म्हणून जोडावर फडके धरून ती हळूच काढली. घरातली समई आणि गॅस बंद ठेवायला सौ.ला सांगितले, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत उंबरठ्याआत येते.

वायरी उलट जोडल्या तर पंप उलटा फिरतो, दाब येत नाही. टाकीच्या आत चिकटपट्टी चालत नाही. पंपासोबतचा कनेक्टरच वापरावा. झाकणाचे रबर नवेच घालावे.

एवढे करूनही पेट्रोलचा वास आला तर चावीला हात लावू नका, मेस्त्रींना बोलवा. त्यांची मजुरी घरादारापेक्षा स्वस्तच!