विश्लेषण : लडाखच्या थंडीत टिकणारे स्टीलचे घर हुडकेश्वरच्या उन्हात चालेल का?

म्हाळगीनगर चौक ओलांडून हुडकेश्वर रोडने पुढे निघालात की दोन्ही बाजूंना लेआउट लागतात. हजार-दीड हजार चौरस फुटांचे प्लॉट आणि गृहकर्जावर घर बांधणारी कुटुंबे. तयार स्टील फ्रेमच्या घरांचे व्हिडिओ आता त्यांच्याही मोबाइलवर फिरतात. ‘महिनाभरात घर’ हा एक दावा, ‘लेह-लडाखमध्ये चालते, मग नागपुरात का नाही’ हा दुसरा. दुसरा दावा तपासण्यासारखा आहे. थंड प्रदेशात ही भिंत स्टील असूनही चालते. त्यासाठी जी काळजी घ्यावी लागते, ती स्वस्त कोटेशनमधून सहज गाळता येते.

हे तंत्रज्ञान नेमके काय?

जस्ताचा लेप दिलेल्या एक-दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला कारखान्यात इंग्रजी ‘सी’सारखा आकार देतात. हे चॅनेल 400 किंवा 600 मिलिमीटर अंतरावर उभे करून चौकट जोडली जाते. मधल्या पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल भरतात, दोन्ही बाजूंना सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम बोर्ड लावतात. साइटवर फक्त बोल्ट आणि स्क्रू. केंद्राच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पात अगरतळ्याला 1,000 घरांसाठी हे तंत्र निवडले गेले; पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी झाली. त्यामुळे याला ‘टिनाचे घर’ म्हणून हसण्याचे कारण नाही.

थंड प्रदेशात याला मागणी का?

तापमान 5 अंशांखाली गेले की काँक्रीटसाठी आपली मानकेही वेगळे नियम लावतात, कारण सिमेंट नीट घट्ट होत नाही आणि मिश्रणातले पाणी गोठले तर काँक्रीट आतून फुटते. लडाखमध्ये बांधकामाला उन्हाळ्याचे मोजके महिने मिळतात. सामान घाटरस्त्याने चढवायचे, मजूर बाहेरून आणायचे. अशा ठिकाणी हलकी, कोरडी, चार दिवसांत उभी राहणारी चौकट सोयीची ठरते. लष्कर उंचावरच्या ठाण्यांवर प्रीफॅब निवारे वापरते ते याचसाठी.

मग अडचण कुठे?

अडचण त्याच चॅनेलमध्ये आहे. स्टील हे रॉकवूलच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. भिंतीच्या क्षेत्रफळात या पत्र्याचा वाटा अर्धा टक्काही नसतो, पण उष्णतेला तो आयता पूल मिळतो. अमेरिकेच्या ‘ॲश्रे’ मानकातला तक्ता इथे डोळे उघडतो. साडेतीन इंची स्टील चौकटीत 16 इंचांवर चॅनेल असतील, तर मधल्या पोकळीत भरलेले आर-13 क्षमतेचे इन्सुलेशन प्रत्यक्षात आर-6 इतकेच काम करते. म्हणजे पैसे तेराचे आणि उपयोग सहाचा. (इंजिनीअरिंगला उष्णतावहनाची गणिते आम्ही पाठ करून सोडवली. त्यांचा घराच्या कोटेशनशी संबंध असतो, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.)

थंडीत याचा दुसरा फटका ओलाव्याचा. खोलीत 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 9 अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. बाहेर उणे 15 असताना चॅनेल त्याहून थंड होऊ शकते. श्वासाची, स्वयंपाकाची वाफ भिंतीत शिरून तिथे पाणी होते, इन्सुलेशन भिजते, बुरशी येते.

उपाय साधा आहे. इन्सुलेशनचा एक सलग थर चॅनेलच्या बाहेरून, पूर्ण चौकटीवर पांघरायचा. वाफ अडवणारा पडदा खोलीच्या, म्हणजे उबदार बाजूला लावायचा. अंटार्क्टिकातले भारताचे ‘भारती’ स्थानक 2012 मध्ये सुरू झाले, ते 134 कंटेनर जोडून बांधलेले आहे. गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्याचा कारभार पाहते. तिथेही स्टीलचे डबे उघडे ठेवलेले नाहीत. त्यांच्याभोवती वेगळे बाह्य आवरण आहे.

नागपुरात हे कसे लागू होते?

उष्णतेचा तोच पूल इथे उलट्या दिशेने चालतो. मेमध्ये बाहेर 45 अंश असताना चॅनेल उष्णता आत आणते. फरक छताचा. नवतपाच्या दिवसांत दुपारी सूर्य नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो. एकमजली घरात सर्वाधिक मार छतालाच बसतो. भिंतीवर खर्च करून छतावर नुसता पत्रा आणि फॉल्स सीलिंग देणारा आराखडा सरळ नाकारावा.

वाफेचा पडदा मात्र लडाखवरून उचलून इथे लावता येत नाही. श्रावणात बाहेरची हवा ओली आणि आत एसी 22 अंशांवर असेल, तर ओलावा बाहेरून आत येतो. खोलीच्या बाजूला प्लास्टिक लावले असेल, तर पाणी त्याच्याच मागे साचेल. शिवाय आपल्याकडे अर्धा उन्हाळा डेझर्ट कूलरवर निघतो. त्या दमट हवेत साधा जिप्सम बोर्ड टिकत नाही. सिमेंट बोर्डच हवा.

विटांच्या घराची बाजूही मांडायला हवी. नऊ इंची भिंत दुपारची उष्णता पोटात घेते आणि रात्री अकराला खोलीत सोडते, हे नागपूरकरांना सांगायला नको. नीट आच्छादलेली हलकी भिंत रात्री लवकर निवते. नीट आच्छादलेली नसेल, तर दुपारीच भट्टी होते.

कोटेशनमध्ये काय मागावे?

‘50 मिलिमीटर रॉकवूल’ एवढ्यावर समाधान मानू नका. चॅनेल धरून संपूर्ण भिंतीचा आणि छताचा यू-व्हॅल्यू लेखी मागा. ईको निवास संहिता 2018 नुसार छतासाठी ही मर्यादा 1.2 आहे, आकडा जितका कमी, तितके चांगले. चॅनेलबाहेरचा सलग थर आराखड्यात दाखवायला सांगा. थर्मोकोल असेल तर आगीबाबत विचारा. रॉकवूल जळत नाही. नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. हलके घर पायाला कसे जखडले आहे, हे त्यामुळे महत्त्वाचे. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि हलक्या घराला वर उचलते, म्हणून मातीची तपासणीही हवी.

आणि कंपनीने आधी बांधलेले एखादे घर पाहायला नक्की जा, पण मेमध्ये दुपारी तीनला. आतल्या भिंतीवरून तळहात आडवा फिरवा. दर दीड-दोन फुटांवर गरम पट्टा लागला, तर चॅनेल उघडेच आहे.