काचा झाकण्याची मजुरी

रिमोटवर धावणाऱ्या हौशी मोटारींची, म्हणजे आरसी कारची बॉडी बऱ्याचदा कोरी, पारदर्शक मिळते. पॉलिकार्बोनेटचा पातळ पत्रा तापवून साच्यावर ओढलेला असतो आणि त्याला रंग आतल्या बाजूने मारायचा असतो. बाहेरून मारला तर पहिल्याच आपटीत खरवडून निघेल. आतून मारला की प्लास्टिकच त्याचे कवच होते आणि वरची चकाकी आयती मिळते. गाडीच्या काचा मात्र बिनरंगाच्या राहायला हव्यात, म्हणून रंगाआधी त्या आतून झाकाव्या लागतात. या झाकाझाकीला प्रत्यक्ष रंगकामाच्या कितीतरी पट वेळ जातो. हौशी मंडळींना तीच सर्वांत कंटाळवाणी वाटते आणि बॉडी बिघडते तीही बहुधा तिथेच. माझे म्हणणे असे की हा कंटाळवाणा भाग हेच मुख्य काम आहे. आणि हातकाम शिकवताना, त्याचे गुण देताना आणि त्याचे पैसे मोजताना आपण नेमका तोच हिशेबाबाहेर ठेवतो.

पारदर्शक बॉडी हे दाखवायला इतकी चांगली का, तर तिच्यात डागडुजीला वाव नाही. कपाट किंवा दरवाजा रंगवताना चूक झाली तर पॉलिश पेपर मारता येतो, लांबी भरता येते, वरून आणखी एक हात देता येतो. इथे प्लास्टिकला टेकलेला पहिला थर हाच बाहेरून दिसणारा चेहरा. त्यामागे कितीही हात दिले तरी तो बदलत नाही. त्यामुळे क्रमही उलटा: जे सर्वांत पुढे दिसायचे ते आधी, गडद रंग आधी, फिका नंतर, आणि पाठीला पांढरा किंवा चंदेरी थर, नाहीतर उजेड आरपार येऊन रंग मळका दिसतो. ही रीत आपल्याला नवी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली काचचित्रे अशीच काचेच्या मागून रंगवलेली आहेत; आधी दागिन्यांचे आणि डोळ्यांचे बारकावे, मग अंगाचा रंग, शेवटी पार्श्वभूमी. त्या चित्रकारालाही ब्रश उचलण्यापूर्वी अख्खे चित्र डोक्यात पुरे करावे लागत असे. मोटारीच्या बॉडीत त्यात भर एवढीच की कुठे रंग लावायचा नाही, हेही आधी ठरवावे लागते.

आता ही झाकाझाकी जवळून पाहू. आधी बॉडी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवायची, कारण बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग तिथून पापुद्र्यासारखा सुटतो. मग काचेच्या कडेला बारीक टेप आणि मधल्या जागेत रुंद टेप. सपाट टेप दुहेरी बाकावर सुरकुततो, म्हणून पुढच्या काचेच्या कोपऱ्यात त्याचे छोटे तुकडे करावे लागतात. कड नखाने किंवा बोथट काडीने दाबत जायची. टेपखाली केसाएवढी पोकळी राहिली तरी रंग तिच्यात ओढला जातो. पहिला हात ओला मारायचाच नाही, नुसती भुरभुर. ती वाळून कड बंद झाली की मग पुढचा हात. शेवटी टेप काढताना सरळ वर ओढायचा नाही. तो स्वतःवर दुमडून सावकाश मागे न्यायचा आणि कडेला रंग जाड बसला असेल तर आधी धारदार कटरची हलकी रेघ मारून घ्यायची. एवढे करूनही आत रंग शिरला, तर थिनरच्या बोळ्याने पुसायचा मोह होतो. त्या मोहाची किंमत म्हणजे धुरकटलेली किंवा तडकलेली काच, कारण पॉलिकार्बोनेटला ॲसिटोनसारखी द्रावणे सोसत नाहीत. यातले एकही काम अवघड नाही. घाई करणाऱ्याला मात्र यातले एकही जमत नाही.

खऱ्या मोटारींच्या धंद्याचा अनुभवही हाच आहे. 1920च्या दशकात अमेरिकेत दोनरंगी मोटारींची फॅशन आली, तेव्हा रंगारी कागद गोंदाने चिकटवून गाडीचा अर्धा भाग झाकत आणि कागद काढताना ताजा रंगही उपटून येई. सेंट पॉल शहरातल्या थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्र्यू पॉलिश पेपरच्या चाचणीसाठी रंगशाळेत जात असे. रंगाऱ्यांचा हा वैताग पाहून त्याने खटपट केली आणि 1925 साली मास्किंग टेप तयार झाला. म्हणजे आज घरोघरी सापडणारी ती पिवळसर पट्टी जन्माला आली ती रंग लावण्यासाठी नव्हे, रंग अडवण्यासाठी. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात आजही काचांवर मास्किंग टेप आणि रद्दीचा कागद लागतो (हा लेखही काही दिवसांनी एखाद्या मारुतीच्या काचेवर उलटा चिकटलेला असेल). पण बिलात ‘पेपर लावणे’ अशी ओळ दिसली की गिऱ्हाईक घासाघीस करते. रंगाचे पैसे कबूल, कागद लावायचे कसले पैसे? मग कारागीरही तेवढाच वेळ वाचवतो आणि काचेच्या रबरावर रंगाची किनार घेऊन गाडी घरी येते.

यावर काही आक्षेप रास्त आहेत. बॉडी आधीच रंगवलेली विकत मिळते, मग हा खटाटोप कशाला? ज्याला फक्त गाडी पळवायची आहे त्याने ती खुशाल घ्यावी. माझे बोलणे बनवण्याबद्दल आहे. दुसरा आक्षेप असा की अनेक किटमध्ये काचांच्या आकाराचे स्टिकर तयारच येतात. ते येतात, आणि उपयोगीही पडतात, पण वक्र भागावर ते नेमके बसवणे आणि त्यांची कड दाबणे हे हातालाच करावे लागते. काचा सरळ काळ्या रंगवाव्यात, असेही कुणी म्हणेल. आतली बॅटरी आणि तारा लपवायला ते ठीकच. तरीही बॉडीचा रंग आणि काळा यांच्यामधली रेघ सरळ यायला टेप चुकत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आणि वाफांचा. आरसीचा छंद स्वस्त नाही, आणि स्प्रे कॅनमधली द्रावणे मुलांच्या नाकात जाऊ नयेत, हे शंभर टक्के मान्य. पण धडा गाडीत नाही, झाकण्यात आहे. एक पारदर्शक प्लास्टिकचा ताव, मास्किंग टेप, ॲक्रिलिक रंग आणि स्पंज एवढ्यावर तो शाळेत देता येतो. मागून रंगवा, टेप काढा, पुढून पाहा. निकाल मुलालाच दिसतो, शिक्षकाने सांगावा लागत नाही.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याची शिफारस आहे. शाळांनी या दिवसांत सुतार, रंगारी, गॅरेजवाले यांना बोलवावे, हे चांगलेच. भीती एवढीच की तेही कार्यानुभवाच्या तासाच्या वळणावर जाईल: शेवटच्या दिवशी रंगीत वस्तूंचे टेबल मांडायचे, पाहुण्यांनी फोटो काढायचे आणि जी वस्तू झगमगीत तिला गुण. त्या दहा दिवसांचे वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक सुचवणे आहे. रंगाची बाटली उघडण्याआधी प्रत्येक मुलाने धुतलेला, पुसलेला, टेप लावलेला ताव तपासा आणि निम्मे गुण तिथेच देऊन टाका.